नकाशावरचे ठाणे

'मोक्याचे ठाणे पडले' असा मथळा देताना संपादकाचा हात सहसा अडखळत नाही. आमचाही कधी अडखळला नाही. २०२३ च्या मे महिन्यात युक्रेनमधील बाखमूत पडले, तेव्हा तेथे युद्धापूर्वी सुमारे सत्तर हजार माणसे नांदत होती, हे कितीजणांच्या ध्यानात आले असेल? वाचकांनी बातमी वाचली आणि चहा निवण्यापूर्वी पान उलटले. 'ठाणे' या शब्दाखाली काय काय गाडले जाते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने उत्तर फ्रान्समधील पेरोन या गावाचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा.

आठ हजारांच्या आतबाहेर वस्तीचे हे गाव. त्याचा अपराध एकच. सॉम नदीच्या दलदलीतून जेथे पार जाता येते, नेमके तेथे ते वसले आहे. उत्तरेकडून पॅरिसवर चालून येणाऱ्याला ते हवे असते आणि त्याची वाट अडवणाऱ्याला तर हवेच हवे. १५३६ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने वेढा घातला, तो गावाने महिनाभर झुंजून परतविला. मारी फुरे नावाच्या स्त्रीने तटावर चढलेल्या शत्रूच्या निशाणदाराला खाली लोटले, अशी आख्यायिका आहे. पेरोनला 'कुमारिका' हे बिरुद होते, म्हणजे कोणाच्याही हाती न लागलेली नगरी. ते बिरुद १८१५ च्या जूनमध्ये, वॉटर्लूनंतर आठच दिवसांनी, वेलिंग्टनच्या सैन्याने उतरविले. असईच्या रणांगणावर १८०३ साली मराठी फौजांशी गाठ पडलेला सेनापती तो हाच.

पण येथवर लढाई तटाशी होती. १८७० च्या डिसेंबरअखेर प्रशियन तोफा आल्या, तेव्हा रीत पालटली. तोफांचे तोंड बुरुजांकडे नव्हते, घरांकडे होते. रहिवासी होरपळले की किल्लेदार आपोआप नमेल, असा हा सरळ हिशेब. ऐन थंडीत लोक तळघरांत दडून बसले आणि वर गाव जळत राहिले. ३ जानेवारीस बापोम येथे फ्रेंच फौज लढली खरी, पण सुटका करावयास पेरोनपर्यंत पोहोचली नाही. ९ जानेवारी १८७१ रोजी गाव शरण गेले. तट बव्हंशी शाबूत होते, घरे मात्र नव्हती. रक्षणासाठी बांधलेल्या भिंतींनीच संकट ओढवून आणावे, यापरती विटंबना कोणती?

नागरिकांवर मारा करून राज्यकर्त्यांस नमविण्याची ही युक्ती विसाव्या शतकाचे पाप आहे, असे आपल्याकडे पुष्कळांस वाटते. पेरोनची तळघरे तसे सांगत नाहीत.

पहिल्या महायुद्धात जर्मनांनी गाव अडीच वर्षे ताब्यात ठेवले. १९१७ च्या मार्चमध्ये ते मागे सरले ते सर्व उद्ध्वस्त करून. त्या माघारीत घरे सुरुंगांनी उडविली गेली, फळझाडे तोडली गेली, विहिरी निकामी करण्यात आल्या. ब्रिटिश शिपाई आत शिरले तेव्हा नगरभवनाच्या भग्न दर्शनी भिंतीवर त्यांस एक जर्मन पाटी आढळली. तिचा आशय असा होता : रागावू नका, नुसते आश्चर्य करा! पुढल्या मार्चमध्ये जर्मन पुन्हा आले आणि १९१८ च्या सप्टेंबरारंभी ऑस्ट्रेलियन पलटणींनी गाव सोडविले. सोडविले ते काय, विटांचा ढीग. ते पुन्हा उभे करावयास इंग्लंडमधील ब्लॅकबर्न या शहराने हात दिला. ब्लॅकबर्नच्या गिरण्यांची धोतरे आपल्या बाजारात येत होती आणि इकडे परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या, तो हा काळ. त्याच गिरणगावाने परक्या गावाचे दुःख आपले मानले, हेही नमूद करणे आम्हास न्याय्य वाटते. घरे बांधून दोन दशके उलटतात न उलटतात तोच १९४० च्या मे महिन्यात आकाशातून बॉम्ब आले.

इतके सोसलेल्या गावाने सूडाचे स्मारक उभारले असते, तरी त्यास कोणी नावे ठेवली नसती. पेरोनने १९९२ साली आपल्या जुन्या गढीला जोडून पहिल्या महायुद्धाचे संग्रहालय उभारले आणि त्यात जर्मन, फ्रेंच व ब्रिटिश या तिघांना एकाच पंगतीस बसविले. ज्यांनी गाव जाळले त्यांच्या शिपायाचे सामानही तेथे तितक्याच आदराने मांडलेले आहे. जाळणाराचा गुन्हा त्यामुळे लहान होत नाही. आम्हास तसे सुचवावयाचेही नाही. पण तेथे गणवेष उंच चौथऱ्यांवर चढविलेले नाहीत. जमिनीतच उथळ चौकोनी खाचा केल्या आहेत आणि त्यांत अंगरखा, शिरस्त्राण, बूट, पाण्याची बाटली आडवी पसरून ठेवली आहेत. कोणत्या देशाचा शिपाई, हे पाहण्यासाठी मान खाली घालावी लागते.

गढीचे बुरुज बाहेर उभे आहेत आणि पलीकडे सॉमची तीच दलदल आहे.