ज्वारीवर ज्वारी

‘ग्लूटेन-फ्री’ आणि ‘नो-बेक’ हे दोन शब्द आता आपल्या गावच्या दुकानांच्या फळ्यांवरही येऊन बसले आहेत. पैकी दुसऱ्या शब्दाची मला मोठी गंमत वाटते. ‘नो-बेक’ म्हणजे भट्टीत न घालता केलेला पदार्थ. पण आपल्या स्वयंपाकघरात भट्टी होती कधी? चूल होती, शेगडी होती, स्टोव्ह होता, पुढे गॅस आला. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजांबरोबर पाव आला आणि पोदेराची भट्टी गावोगाव झाली. तिथल्या बिबिंकालाही वरून निखारे लागतात. आपल्या बाजूला मात्र भट्टी ही बेकरीवाल्याची आणि चुरमुरे-फुटाणेवाल्याची. घरातली बाई तिच्या वाटेला कधी गेली नाही. ज्यांच्या घरात ओव्हन असतो त्यांना ‘ओव्हनशिवाय’ हा विशेष वाटणार. आपल्याला त्यात नवल ते काय?

उलट आपल्याकडे एक दिवस असा आहे की त्या दिवशी चुलीवर तवासुद्धा चढत नाही. नागपंचमीला चिरायचे नाही, कापायचे नाही, तळायचे नाही. उकडलेले खायचे आणि ज्वारीच्या लाह्या खायच्या. आणि आमच्या कन्नड शेजाऱ्यांची पंचमी म्हणजे तर लाडवांचाच सण. शेंगा उंडी, एळ्ळुंडी, डाळ्याच्या पिठाचा तंबिट्टु, ज्वारीच्या लाह्या दळून केलेले अळ्ळिट्टु! आपल्या अंकाच्या पलीकडच्या भागातले लेखक-लेखिका याविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहू शकतील. मला एवढेच म्हणायचे आहे की या दोन इंग्रजी शब्दांखाली जे विकले जात आहे, त्यातले पुष्कळसे आपल्या फडताळातल्या डब्यात आधीपासून होते.

मात्र हे एवढे म्हणून छाती फुगवून थांबणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. त्याकडे येतो, आधी ग्लूटेनविषयी.

ग्लूटेन काय आहे हे समजायला प्रयोगशाळा नको, परात पुरे. कणीक थंड पाण्यात मळली तरी चिवट होते, ओढली तर ताणते, पोळी लाटता येते. ज्वारीचे पीठ तसे मळून बघा! ते हातात फुटते. म्हणून भाकरीला गरम पाणी लागते. त्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो, चिकटपणा येतो आणि मग ती थापता येते. कणकेला चिवटपणा देणारे जे प्रथिन गव्हात आहे आणि ज्वारीत नाही, ते ग्लूटेन. गव्हाबरोबर जव आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिने असतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, मका यांत ती नसतात. डाळी, शेंगदाणे, तीळ, खोबरे यांतही नसतात. म्हणजे बेळगाव-धारवाड भागातल्या जुन्या ताटात गहू हा पाहुणा होता, घरचा नव्हता. सणाला पोळी, रोज भाकरी. हरितक्रांतीनंतर आणि रेशनच्या गव्हानंतर पोळी रोजची झाली आणि भाकरी खाणे कमीपणाचे वाटू लागले, हा अगदी अलीकडचा इतिहास आहे.

बहुतेकांना या ग्लूटेनचा काहीही त्रास होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांना होतो त्यांना मात्र फार होतो. सीलिअॅक नावाच्या विकारात ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. खाल्लेले अंगी लागत नाही. मूल वाढत नाही, पोट फुगते, जुलाब होतात, रक्त कमी होते. कित्येकदा पोटाची तक्रारच नसते, नुसता हटवादी अशक्तपणा असतो. १८८८ साली सॅम्युअल जी या इंग्रज डॉक्टरने या विकाराचे वर्णन केले; पण त्याचे मूळ गव्हात आहे हे दाखवायला विलेम डिके हा डच बालरोगतज्ज्ञ यावा लागला. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. बाकीची जनता खंगत असताना ही आजारी मुले सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा बिघडली! डिकेचा संशय आधीपासून होताच, १९५० साली त्याने त्यावर प्रबंध लिहिला. आजही या विकाराला आहाराखेरीज खात्रीचे औषध नाही. ग्लूटेन सोडायचे ते जन्मभर. आपल्या देशात गहू खाणाऱ्या उत्तरेत शंभरात साधारण एकाला हा विकार आढळला आहे, तर भात खाणाऱ्या दक्षिणेत प्रमाण फार कमी आहे. आपण दोहोंच्या मध्ये, आणि रोज थोडे उत्तरेकडे सरकणारे.

एक सूचना इथेच देऊन टाकतो, कारण तिच्याअभावी लोक फसतात. शंका आली म्हणून आधी गहू बंद करू नये. रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी. महिनोन्महिने गहू सोडून मग तपासले तर विकार असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो.

आता त्या भांडणाकडे वळतो. एक पक्ष म्हणतो, ही सगळी श्रीमंतांची थेरे. दुसरा म्हणतो, आमच्या आजीला हे सारे ठाऊक होते, आपले पारंपरिक खा आणि निर्धास्त राहा. पहिला पक्ष अज्ञानी आहे, पण दुसरा अधिक घातकी, कारण तो प्रेमाने घास भरवतो. परंपरेच्या डब्यात गहू कुठे कुठे दडला आहे ते पाहा. मुलांना मोठ्या कौतुकाने देतात ते सातूचे पीठ बहुतेक घरांत गव्हाचे नाहीतर जवाचे. मेतकुटात मूठभर गहू असतातच. थालिपिठाच्या भाजणीत असतात. तंबिट्टातही काही घरे गहू भाजून घालतात. रव्याचा लाडू तर उघडच गव्हाचा. आणि सर्वांत छुपा म्हणजे हिंग! शुद्ध हिंग इतका उग्र की बाजारातल्या डबीत तो पिठात मिसळूनच येतो, आणि ते पीठ पुष्कळदा मैदा असतो. चुरमुऱ्याला लसणीची खमंग फोडणी देऊन भडंग केला, चिमूटभर हिंग घातला, की गव्हाविना केलेला पदार्थ गव्हासहित झाला.

आणि गिरणी? आपल्या बायका गिरणीत रांगेत उभ्या राहून म्हणतात, ‘‘माझं ज्वारीवर ज्वारी टाका हं, गव्हावर नको.’’ त्यांचे कारण भाकरीच्या चवीचे आणि थापण्याचे असते. पण सीलिअॅकच्या रुग्णासाठी यापेक्षा शहाणे वाक्य मला ठाऊक नाही. तरी तेवढ्यानेही भागत नाही. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणवून घ्यायचे तर एका किलोत २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसावे असा आपल्या देशातला नियम आहे. कणकेच्या हिशेबात ते साधारण पाव ग्रॅम भरते. गिरणीच्या तोंडाशी सांडलेली कणीक त्याहून कितीतरी जास्त असते. म्हणून अशा घरात ज्वारी-नाचणी घरच्या जात्यावर किंवा घरघंटीवर दळावी, नाहीतर दळणाचा प्रश्नच येणार नाही असे पदार्थ करावे. पोहे, लाह्या, चुरमुरे, दाणे यांचे महत्त्व माझ्या दृष्टीने इथे आहे.

माझ्या नात्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीचे हे पथ्य मी तीन वर्षे जवळून पाहतो आहे. पदार्थ मिळत नाहीत ही तिची अडचण नाही. तिचा डबा वेगळा असतो, ही आहे. संध्याकाळी पाच वाजता भावंडे बिस्किटांचा पुडा फोडतात आणि तिच्यासाठी एक बंद डबी खाली येते. आजी कळवळून म्हणते, ‘‘एक बिस्कीट खाल्लं तर काय होतंय गं? पोरीचं तोंड बघा की जरा!’’ आजीचे मन मोठे आहे, पण आतड्याला मनाचा मोठेपणा कळत नाही. आणि शेजारी विचारतात ते निराळेच, ‘‘पुढं लग्नाचं कसं व्हायचं?’’ नऊ वर्षांच्या मुलीसमोर!

म्हणून माझे मत असे की आजारी मुलासाठी वेगळा खाऊ करणे हा उपायच नव्हे. संध्याकाळचा डबा सगळ्या घराचा एकच असावा, आणि तो तिला चालेल असा असावा. जेवणात पोळी राहू द्या, तिला भाकरी-भात आहेच. पण मधल्या वेळचे खाणे हे भूक भागवण्याइतकेच एकत्र बसण्याचे निमित्त असते. ते सगळ्यांचे एक झाले तर कुणाचे काहीच बिघडत नाही. बिस्किटे, खारी, टोस्ट यांना मुकल्याने कुणाचा वंश बुडाल्याचे ऐकिवात नाही.

त्यासाठी फार विद्वत्ताही लागत नाही. दाण्याचा लाडू घ्या. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर भाजावे, साले पाखडावी. सुरकुतलेला, काळा पडलेला दाणा आधीच काढून टाकावा, त्याला बुरशीचे विष असू शकते. मग कुटायचे, आणि पाऊण वाटी मऊ गूळ घालून पुन्हा कुटायचे. दाण्याला तेल सुटू लागले की मिश्रण आपोआप वळते. पाक नको, तूप नको. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे दोन लाडवांत मुलाची संध्याकाळ निभावते. तेलही जवळजवळ निम्मे असते, म्हणून दोनच. ज्वारीच्या लाह्या मिक्सरमधून काढून ठेवल्या तर ते पीठ ताकात मीठ-जिरे घालून किंवा दुधात गूळ घालून कालवता येते. उन्हाळ्यात मला तरी ताकातलेच आवडते. बिया काढलेला खजूर आणि भाजलेले तीळ एकत्र मळले तर गुळाचीही गरज राहत नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. तिचे पीठ मात्र खमंग भाजूनच वापरावे, कच्चे पोटात जड पडते.

आणि दडपे पोहे! यांना तर विस्तवही लागत नाही. पातळ पोह्यांत ओले खोबरे, बारीक चिरलेला कांदा, काकडी, मिरची, कोथिंबीर, मीठ, साखर, वर लिंबू. सगळे हाताने कालवून वर झाकण, आणि झाकणावर काहीतरी वजन. नारळाच्या आणि काकडीच्या ओलाव्यानेच पोहे भिजतात. वीस मिनिटांनी उघडावे. फोडणी हवी तर मोहरी-कढीलिंबाची, हिंग वगळून. कोकणातून घाट चढून आलेला हा पदार्थ आपल्याकडे पाहुण्यांपुरता का राहिला हे मला कोडेच आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गूळ म्हणजेही साखरच, थोडी सावळी एवढेच. गव्हाविना आणि भट्टीविना झाले म्हणजे पौष्टिक झाले असे नाही. आपला बेळगावी कुंदा दोन्ही कसोट्यांना पहिल्या वर्गात उतरतो! म्हणून कोणी तो पथ्य म्हणून खाणार असेल तर मी त्याच्या शेजारी बसून खाईन, पण प्रमाणपत्र देणार नाही.

आता विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे वळतो, विशेषतः मुलग्यांकडे. घरात असे पथ्य आले की त्याचे सगळे ओझे एका बाईवर पडते. वेगळी परात, वेगळा झारा, वेगळे पोळपाट, पाकिटावरची बारीक अक्षरे वाचणे, शाळेत सांगणे, नातेवाइकांशी वाद घालणे, हे सारे ती एकटी करते. पोळी गोल लाटता येत नाही, हात भाजतो, या सबबी आजवर चालल्या. पण दाणे कुटायला आणि पोहे कालवायला कोणते शिक्षण लागते? बारावीत रसायनशास्त्र शिकणाऱ्याला पाऊण वाटी गूळ मोजता येऊ नये? आठवड्याचे दोन डबे भरून ठेवायला एक रविवारची सकाळ पुरते. वडील मंडळींनाही हे लागू आहे, आणि आम्हा प्राध्यापकांना तर आहेच.

आणि महाविद्यालयानेही काही करावे. आपल्या कँटीनमध्ये समोसा, पाव, बिस्किटे आणि कांदाभजी असतात. भजी बेसनाची खरी, पण समोशाच्याच कढईत तळलेली. वसतिगृहात ज्या कोणाला हे पथ्य असेल त्याने किंवा तिने दिवसभर केळ्यांवर राहावे काय? मागणी मोठी नाही. झाकणाच्या तीन बरण्या ठेवाव्या. एकीत चुरमुरे आणि डाळे, दुसरीत दाण्याचे लाडू, तिसरीत राजगिऱ्याचे. पावाच्या टोपलीपासून दूर, स्वतःच्या चमच्यासह. तो चमचा दुसऱ्या कशात घालायचा नाही असे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून लावावे. स्नेहसंमेलनाच्या अल्पोपाहार समितीने नावे नोंदवताना ‘कोणाला काही वर्ज्य आहे का’ हा एक रकाना वाढवावा, आणि ज्याचे नाव त्या रकान्यात येईल त्याला पंगतीत सगळ्यांबरोबरच बसवावे.