चावी आपली की परकी?

मागच्या आठवड्यात इंदिरानगरमधल्या आमच्या भाड्याच्या घराचं दार ओढलं गेलं आणि चावी आतच राहिली. शेजारच्या आँटींनी विचारलं, "बीगद कै इल्वा?" कन्नडमध्ये बीग म्हणजे कुलूप आणि कै म्हणजे हात. चावी म्हणजे कुलपाचा हात! किती गोड, नाही?

घरमालक येईपर्यंत जिन्यात बसून मी आईला फोन केला. मागून काकांचा आवाज आला, "चावी काय गं? किल्ली म्हण. बंगळुरूला जाऊन मराठी बिघडलं तुझं!" खरं सांगू? मला ते टोचलं.

चावी बाहेरून आली, हे काकांचं म्हणणं बरोबर आहे. मूळ शब्द लॅटिन, क्लाविस. त्याचं इटालियनमध्ये झालं कियावे, स्पॅनिशमध्ये यावे, फ्रेंचमध्ये क्ले आणि पोर्तुगीजमध्ये शावि. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. त्यांच्याबरोबर हा शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरला.

याची इतर भावंडंही तुम्हाला भेटली असतील. नवा पोप निवडायला कार्डिनल बंद दाराआड बसतात, ते कॉन्क्लेव्ह. गळ्याखालचं आडवं हाड क्लॅव्हिकल, म्हणजे 'छोटी किल्ली'. गंमत म्हणजे इंग्रजीतला 'की' मात्र या घराण्यातला नाही.

आता व्याकरण बघा. या चारही भाषांत हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि मराठीतही 'ती चावी'च. पण अनेकवचन आपण पोर्तुगीजांकडून घेतलं नाही. काठीचं काठ्या, तसं चावीचं चाव्या. चावीने, चावीला, चाव्यांचा जुडगा, सगळं आपल्याच नियमानं. 'पगार' तर पोर्तुगीजमध्ये क्रियापद आहे, 'पैसे देणे'. आपण त्याचं नाम केलं आणि दर महिन्याला त्याची वाट बघतो!

हे सगळं काकांना सांगितलं आणि विचारलं, "मग पगार, पाव, बटाटा पण सोडायचे का?" काका हसले. म्हणाले, "बटाटा राहू दे."

आता आमची एक चावी आँटींकडे असते. त्या तिला बीगद कै म्हणतात, मी चावी, काका किल्ली. दार तिन्हींनी उघडतं.

तुमच्या घरी काय म्हणतात, किल्ली की चावी? आजीला नक्की विचारा.