खून कुणी केला ते सोडा, क्रेडिट कुणाचं ते बोला

फ्रेंच सिनेमा म्हटलं की आपल्या ग्रुपमध्ये दोनच प्रतिक्रिया येतात. "अरे वा, आर्ट फिल्म!" किंवा "नको रे, झोप येते." फ्रांस्वा ओझोंचा 'मों क्रीम' (म्हणजे 'माझा गुन्हा') या दोन्ही खान्यांत बसत नाही. जॉर्ज बेर आणि लुई व्हेर्नय यांच्या १९३४ सालच्या नाटकावरून २०२३ मध्ये काढलेली ही चक्क धमाल खुनाची कॉमेडी आहे. पण माझं म्हणणं असं की, हसून झाल्यावर हा सिनेमा जरा टोचतो, आणि तो टोचायलाच हवा.

(पुढे कथा बरीच फोडणार आहे. आधी बघायचा असेल तर बघून या, मी आहे इथेच!)

तर साल १९३५, गाव पॅरिस. माद्लेन ही कामाच्या शोधातली नटी आणि पोलीन ही अशील नसलेली वकील. दोघी एका खोलीत राहतात, भाडं कैक महिने थकलेलं. एक बडा निर्माता माद्लेनला रोल देतो म्हणून घरी बोलावतो आणि अंगाशी झोंबतो. ती कशीबशी निसटते. थोड्याच वेळात बातमी येते की त्या निर्मात्याचा खून झाला. संशय अर्थातच तिच्यावर. मग पोलीनच्या डोक्यात एक अफलातून आयडिया येते: न केलेला खून कबूल कर, अब्रू वाचवायला गोळी झाडली म्हण! खटला गाजतो, माद्लेन निर्दोष सुटते आणि रातोरात स्टार होते. सगळं छान चाललेलं असताना मूकपटांच्या जमान्यातली एक विस्मरणात गेलेली नटी, ओदेत, दारात उभी राहते. तिची तक्रार काय? "तो खून मी केलाय. तुम्ही माझा गुन्हा चोरलात!"

अप्रेझलच्या सीझनमध्ये हे बघा, जास्त पटेल. बग कुणी फिक्स केला आणि मेलमध्ये नाव कुणाचं गेलं, यावरून रुसवेफुगवे पाहिलेल्या माणसाला ओदेतचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. इझाबेल ह्युपेरने ती अशी काही रंगवली आहे की विचारू नका.

आता मुद्द्याचं. लंचला एका मित्राला ही स्टोरी सांगितली तर तो लगेच म्हणाला, "म्हणजे पोरीने खोटं बोलून करिअर केलं आणि आपण टाळ्या वाजवायच्या?" प्रश्न रास्त आहे. पण ती नेमकं काय खोटं बोलली ते बघा. निर्मात्याने अंगावर हात टाकला, हे खरं. खोटं एवढंच, की गोळी तिने झाडली. आणि गंमत अशी की नुसतं खरं घेऊन ती पोलिसांकडे गेली असती तर कुणी कागदसुद्धा हातात घेतला नसता. त्या खऱ्याला एक प्रेत जोडलं, तेव्हा कुठे पेपरवाले, न्यायाधीश, ज्युरी सगळे कान देऊन ऐकायला लागले.

हे नाटकातलं अतिरंजित वाटत असेल तर त्याच काळातला खरा खटला सांगतो. १९३३ मध्ये व्हिओलेत नोझिएर नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीने आई-वडिलांना विष दिलं. वडील मेले, आई वाचली. वडिलांनी आपल्यावर अनेक वर्षं अत्याचार केले, असं तिने सांगितलं. तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. ऑक्टोबर १९३४ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करून जन्मठेप केली. आणि त्याआधी, १९१४ मध्ये, मंत्र्याची बायको असलेल्या आंरिएत कायोने 'ल फिगारो'च्या संपादकाला त्याच्या ऑफिसात जाऊन गोळ्या घातल्या. तिच्या वकिलाने भावनेच्या भरात झालं असं मांडलं आणि ती सुटली! ज्युरीला कुठली गोष्ट आवडेल त्यावर मान राहणार की जाणार हे ठरायचं. पोलीनला हे बरोब्बर कळलेलं आहे, म्हणून ती अशिलासाठी भाषणच लिहून देते.

आणि ती ज्युरी कुणाची? सगळे पुरुष. फ्रान्समध्ये बाईला १९०० पासून वकिली करता येत होती, आरोपी तर काय कधीही होता येत होतं. पण मतदानाचा आणि ज्युरीत बसण्याचा हक्क मिळाला तो १९४४ मध्ये. नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करायला लग्न झालेल्या बाईला १९६५ उजाडावं लागलं. सिनेमातला न्यायाधीश मठ्ठ आहे, सरकारी वकील बडबड्या आहे, आपण खो खो हसतो. पण या लोकांच्या हातात त्या पोरीची मान होती हे मधूनच आठवतं आणि हसू जरा अडकतं.

हॉलिवूडने याच नाटकावर १९३७ मध्ये 'ट्रू कन्फेशन' काढला होता. त्यात कॅरोल लोम्बार्डची नायिका सवयीने थापा मारणारी आहे आणि वकील तिचा नवरा. म्हणजे खोटं बोलणं हा तिचा स्वभाव, सोडवणारा पुरुष. ओझोंने खोट्याला कारण दिलं आणि सोडवायला मैत्रीण दिली. सिनेमा फ्रान्समध्ये ८ मार्चला, महिला दिनी, लागला होता. हा योगायोग असेल असं मला तरी वाटत नाही.

सगळं पटलंच असं नाही. शेवटी शेवटी पैशांचे व्यवहार फारच पटापट जुळतात, आणि मेलेल्या माणसाबद्दल कुणाला काडीचं काही वाटत नाही. पण फार्सकडून तेवढी माफी असते.

असो. जाता जाता एक सुचवतो. हा बघून झाला की पुढच्या वीकेंडला क्लोद शाब्रोलचा 'व्हिओलेत नोझिएर' (१९७८) बघा. त्यातली व्हिओलेत कोण आहे ठाऊक आहे? हीच इझाबेल ह्युपेर. तेव्हा तिला कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं होतं. तिथे जिच्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, तीच पंचेचाळीस वर्षांनी इथे ओरडून सांगते की खून माझा आहे, आणि न्यायाधीशाला फाईल उघडायचा कंटाळा येतो!