धोरण फायलीत, कर्मचारी दाराबाहेर

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील २०१६मध्ये यूपीएससी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पूर्ण अंधत्वाचं कारण पुढे करून रेल्वेनं त्यांना नोकरी नाकारली. पुन्हा परीक्षा देऊन, १२४वा क्रमांक पटकावून त्या आयएएस झाल्या.

मग अडथळा अंधत्वाचा होता की नाकारणाऱ्यांचा?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आस्थापनांवर वाजवी सोयी पुरवण्याचं बंधन घातलं. खासगी कंपन्यांकडे मात्र तो प्रामुख्यानं समान संधी धोरण मागतो. धोरण कागदावर झकास दिसतं, पण स्वच्छतागृहाच्या अरुंद दारातून व्हीलचेअर शिरत नाही. कार्यालयीन सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या पडदावाचकाशी जुळत नाही. एनव्हीडीएसारखा पडदावाचक तर फुकट मिळतो! तेव्हा खर्चाची सबब पुरे झाली. वाजवी सोयींची स्पष्ट सक्ती सरकारनं खासगी क्षेत्रालाही लावावी आणि तपासणीसाठी माणसं नेमावीत.