दुरुस्ती परवडत नाही म्हणे!

बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढल्यामुळे माणसांवर रागवायची माझी सवय गेली आहे. शब्दांवर मात्र मी अजून रागावतो. सध्या माझा राग 'परवडत नाही' या शब्दांवर आहे. नवं काही घेताना ते कुणी उच्चारत नाही. जुनं दुरुस्त करायचं म्हटलं, की शेजारी, मेहुणे आणि दुकानदार एका सुरात सांगतात, "दुरुस्ती परवडत नाही. नवीन घ्या."

बाबांनी 1986 साली घेतलेले स्टिरिओचे दोन स्पीकर आमच्या दौलताबादच्या घरी माळ्यावर पडून होते. बाबा गेल्यापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. परवा आईने विचारलं, "ह्यांची ती भीमसेनांची रेकॉर्ड लागते का रे अजून?" स्पीकर खाली आले, रेकॉर्ड लागली, आणि पडसं झालेल्या माणसाने पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गावं तसा आवाज आला. पुढचं कापड काढून पाहिलं. कागदी कोनाभोवतीच्या फोमच्या रिंगेला बोट लावलं, तर तिचा चिकट काळा भुगा हातात आला.

शहरातल्या एका दुकानात गेलो. मोबाइलवरची नजर न काढता तो मुलगा म्हणाला, "काका, परवडत नाही. ब्लूटूथ घ्या." (त्यातला 'काका'ही मला परवडला नाही, पण ते असो.)

आता मी पडलो बी.कॉम. घसारा काढण्याच्या ज्या पद्धती आम्हाला शिकवल्या, त्यांतल्या घटत्या शिलकेच्या पद्धतीत वस्तूची किंमत दरवर्षी कमी होते, पण शून्य कधीच होत नाही. त्या मुलाने ती एका वाक्यात शून्य केली! मी विचारतो, मेलं काय होतं? लोहचुंबक ठणठणीत. तारेची कॉइल शाबूत. लाकडी खोकं असं, की त्यावर बसून मी चहा प्यालो. गेली होती फक्त अर्ध्या इंचाची रिंग. कॉलर विरली म्हणून आमच्या आईने शर्ट कधी टाकला नाही. कॉलर उलटून शिवली आणि मला पुढची दोन वर्षं शाळेत पाठवलं.

बरं, ही रिंग वापरून झिजते म्हणावं तर तसंही नाही. हा फोम पॉलियुरेथेनचा. हवेतली ओल आणि उष्णता त्याला आतून कुजवतात; स्पीकर वाजवा, नाहीतर माळ्यावर पुजून ठेवा. पंधरा-वीस वर्षांत कारभार आटोपतो. आमच्याकडचा मे महिना तर त्याला मुळीच मानवत नाही. कोन सहज हलावा म्हणून कड हलकी आणि मऊ हवी, हे मला मान्य. पण अमेरिकेत 1954 साली एडगर व्हिल्चर यांनी बंद खोक्यातल्या हवेचीच स्प्रिंग करून छोट्या स्पीकरमधून मोठा खर्ज काढला, तेव्हा त्यांच्या कंपनीच्या सुरुवातीच्या स्पीकरांना कापडाची कड होती. त्यांतले कित्येक अजून वाजतात. फोम नंतर आला. म्हणजे टिकाऊ कड माणसाला ठाऊक नव्हती असं नव्हे.

मी रिंगा मागवल्या. जुना डिंक कोनावरून खरवडण्यात एक रविवार गेला. स्पिरिटच्या वासाने सौभाग्यवती माहेरच्या गोष्टी बोलू लागल्या. नव्या रिंगा चिकटवल्या, कोन बोटांनी हळूच दाबला, तर आतून 'खर्र'! कॉइल एका बाजूला घासत होती. तिच्याभोवतीची फट मिलिमीटरचाही अंश असते. ती सगळीकडून सारखी हवी. पुन्हा सगळं सोडवलं. मधली टोपी ब्लेडने काढून फटीत पातळ पट्ट्या खोचायच्या होत्या. घरभर शोधून शेवटी बाबांच्या गुडघ्याचा 2009 सालचा एक्स-रे सापडला. आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "काप. त्या गुडघ्याने त्यांना फार छळलं." पट्ट्या अगदी बेताच्या बसल्या. डिंक रात्रभर सुकू दिला, पट्ट्या काढल्या, कोन मुकाट्याने खालीवर झाला.

कोन कागदाचा आहे, हे विसरू नका. खुलताबादच्या वाटेवरच्या आमच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान् पिढ्या हातकागद होत आला, त्यामुळे कागदाचा अभिमान आम्हाला जरा जास्तच. इतकी वर्षं कागद टिकला आणि त्याला सांभाळायला ठेवलेला फोम कुजला!

मेहुणे म्हणाले, "तुझ्या वेळेचे पैसे धरलेस का?" धरले. रिंगा, डिंक, स्पिरिट मिळून सहाशेच्या आत. दोन रविवारची मजुरी शून्य, कारण रविवारी दुपारी झोपण्याबद्दल मला आजवर कुणी ओव्हरटाइम दिलेला नाही. कॉइल जळली असती, तर मीही हात जोडले असते. पण आधी पाहा तर खरं! न पाहता 'नवीन घ्या' म्हणणाऱ्यांनी निदान दौलताबादेत तरी जपून बोलावं. 1327 साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीचं दुखणं दिल्लीतच निस्तरण्याऐवजी राजधानीच नवी घेतली, ती इथे. पुढे परत न्यावी लागली. त्याला काय परवडलं ते इतिहासाच्या पुस्तकात आहे.

रेकॉर्ड लावली. तिच्यात एका जागी ओरखडा आहे, तिथे सुई उडते. ती जागा यायच्या जरा आधीच आईने शेंगा सोलणं थांबवलं. सुई उडली. आई म्हणाली, "हं, बरोबर," आणि पुन्हा सोलायला लागली.

काल मेहुणे आले होते. जाताना कोपऱ्यात त्यांचा जुना मिक्सर ठेवून गेले. म्हणाले, "घाई नाही. रविवारी सहज बघ."