माहुलीचा किल्लेदार आणि आमची कुमार-कादंबरी

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक प्रणयकथांचा साचा आता इतका पक्का झाला आहे की पहिले प्रकरण वाचून शेवटचे सांगता यावे. दोन सत्तांच्या सरहद्दीवरचा एखादा गड, गडावर परक्याच्या चाकरीतला सरदार, त्याचा तेजस्वी पुत्र, शत्रूची लावण्यवती कन्या, मध्यरात्री भुयारातून भेट, आणि अखेरीस हृदयाची हाक ऐकून योग्य पक्षात प्रवेश. फितुराचे डोळे पहिल्याच भेटीत घारे व कपटी असल्यामुळे वाचकावर निवड करण्याची पाळीच येत नाही. शाळाशाळांच्या बक्षीस-समारंभांत अशी पुस्तके वाटली जातात आणि मुलांना इतिहासाची गोडी लागली म्हणून आपण समाधान मानतो.

अर्थशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने या प्रांतात लुडबूड का करावी, असे कोणी विचारील. या कादंबऱ्यांचा विषय निष्ठा हा आहे, आणि निष्ठेची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ती कोणी मोजली याचा हिशेब या पुस्तकांतून साफ गाळलेला असतो. माझी तक्रार तेवढ्यापुरती आहे.

या साच्याचे खापर पुष्कळदा हरिभाऊ आपट्यांच्या माथी फोडले जाते, ते अन्यायाचे आहे. 1895 पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘उषःकाला’त बाप विजापूरच्या बादशहाचा इमानी किल्लेदार आहे आणि मुलाला शिवाजी महाराजांची ओढ लागली आहे. हरिभाऊंनी त्या बापाला खलपुरुष केले नाही. त्याचे इमान त्यांना चुकीच्या ठिकाणी वाहिलेले वाटले, खोटे मात्र वाटले नाही. त्यांच्या मागून आलेल्यांनी भुयारे तेवढी उचलली आणि बाप सोडून दिला.

आता शहापूरजवळचा माहुली पाहावा. 1629 मध्ये निजामशहाने दौलताबादेस लखुजी जाधवांचा दगा करून खून करविला. ते जिजाबाईंचे वडील. शहाजीराजांनी त्यानंतर निजामशाही सोडून मोगलांची मनसब घेतली, पुढे तीही सोडली, आणि बुडत्या निजामशाहीच्या एका अल्पवयीन वारसाला गादीवर बसवून त्याच्या नावाने राज्य चालवले. 1636 मध्ये शहाजहान व आदिलशहा यांच्यात तह झाला. दोघांच्या फौजांनी शहाजीराजांना माहुलीवर कोंडले तेव्हा तो बाल निजामशहा त्यांच्याजवळ होता. अखेर मूल मोगलांच्या हवाली झाले आणि राजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. या वेढ्यात जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवबाही गडावर होते, असे परंपरेने सांगितले जाते. ते खरे धरले तर ज्या घराण्याने बापाचा जीव घेतला त्याच घराण्यातल्या पोराला वाचवण्यासाठी नवरा लढतो आहे, आणि ती बाई त्याच तटाच्या आत बसून आहे. याहून दुभंगलेले मन आमच्या कोणत्या कादंबरीकाराने कल्पिले आहे? पण आमची कुमार-कादंबरी जिजाबाईंना पहिल्या पानापासून मखरात बसवते. मखरातल्या मूर्तीला प्रश्न पडत नाहीत.

शहाजीराजांनी सात वर्षांत इतक्या चाकऱ्या बदलल्या म्हणून त्यांना चंचल ठरवणेही तितकेच बाळबोध होईल. त्या काळच्या मराठा सरदाराच्या इमानाचा पाया वतन व जहागीर हा होता. राज्य बुडाले तरी वतन टिकले पाहिजे, हा देशमुखी व्यवहार होता. 1659 मध्ये अफझलखान आला तेव्हा आदिलशाही फर्मान धुडकावून कान्होजी जेधे पाच मुलांसह महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. उतरवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. दोघांपुढे वतनाचाच प्रश्न होता. हे मुलांना सांगितले तर जेध्यांचे मोल वाढते की घटते? रक्तातच निष्ठा होती म्हटले की त्यांनी केलेला त्याग हिशेबातून नाहीसा होतो.

आणि ज्यांना वतनच नव्हते त्यांचे काय? सरहद्द म्हणजे कादंबरीत धुके आणि घोड्यांच्या टापा असतात. मुरबाडच्या माथ्यावर नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे, तो सरहद्दीचा अर्थ अधिक नेमका सांगतो. सत्ता बदलली की वसुली करणारा बदलतो, कधी दोघेही येतात. 1630 च्या भीषण दुष्काळातून जेमतेम उठलेल्या मुलखात 1636 चा वेढा पडला. गडाला धान्य, लाकूडफाटा आणि वेठीची माणसे लागत. ती पायथ्याच्या कोळी, ठाकूर, कातकऱ्यांकडून आणि कुणब्यांकडून येणार, दुसरीकडून कुठून येणार? त्यांचे इमान कोणाशी, हे त्यांना कोणी विचारले नाही. कादंबरीतही ते मशाल धरण्यापुरतेच येतात.

माझा खरा आग्रह मात्र मनोहरदास गौडासाठी आहे. पुरंदरच्या तहात, 1665 मध्ये, माहुली मोगलांकडे गेला आणि हा रजपूत तेथे किल्लेदार होता. 4 फेब्रुवारी 1670 रोजी तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. त्याच महिन्यात माहुलीवर चढाई झाली, पण मनोहरदास सावध होता; हल्ला मोडला आणि मराठ्यांची मोठी हानी झाली. पुढे त्याने किल्लेदारी सोडली, त्याच्या जागी अलीवर्दी बेग आला आणि जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड सर केला. कोंढाण्याला कादंबरी मिळाली, तिथला उदेभान खलनायक झाला. माहुलीला काहीच मिळाले नाही. कारण उघड आहे. जिंकलेला किल्लेदार किल्ला सोडून का जातो, याचे उत्तर साच्यात बसत नाही. ते शोधणे हे कादंबरीकाराचे काम होते. पंधरा वर्षांच्या मुलीला या माणसाबद्दल आधी राग, मग आदर, मग संभ्रम वाटला तर बिघडेल काय?

‘इतके गुंतागुंतीचे मुलांना झेपत नाही’ असा आक्षेप ठरलेलाच आहे. तो घेणाऱ्यांनी दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांत जाऊन यावे. उचल घेतलेले कुटुंब वीटभट्टीवर निघालेले असते आणि शाळेतली मुलगी मागे राहायचे की धाकट्या भावंडांना सांभाळायला बरोबर जायचे या पेचात असते. शाळेशी इमान राखावे की घराशी, हा प्रश्न तिला दरवर्षी पडतो. प्रणयकथाच हवी असेल तर या जिल्ह्याने तीही देऊन ठेवली आहे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि नवराबायकोने ते फेडण्यासाठी त्याच्याच घरी राबत आयुष्य घालवायचे, अशा माणसाला ठाणे जिल्ह्यात लग्नगडी म्हणत. 1945 च्या वारली उठावाने ही प्रथा मोडायला घेतली. प्रेम जुळताच स्वातंत्र्य गहाण पडते, असे कथानक इथल्या आजोबा-आजींनी भोगले. ग्रंथालयाच्या कपाटात मात्र भुयारेच आहेत.

आणखी एक विषय लेखकांपुढे ठेवतो. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून सोडवण्यासाठी कोतवालांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या. विजेचे मनोरे पाडणे त्यानंतरचे. पोलिसांचा अधिकारी गोरा होता, पण हाताखालचे शिपाई इथलेच होते. त्यांतला एखादा वीस-बावीस वर्षांचा, नुकते लग्न ठरलेला शिपाई त्या रात्री थंडीत जंगल चढत होता असे समजा. त्याच्या होणाऱ्या बायकोच्या बापाने कोतवालांच्या कोठीतून भात नेले होते असेही समजा. इथून पुढची कादंबरी कोणी लिहायला घेतली तर बक्षीस-समारंभासाठी तिच्या पन्नास प्रती मी माझ्या निवृत्तिवेतनातून घेईन.