विश्लेषण : एआयने काढलेली 'वारली' नेमकी कुणाची?

मोबाइलवर 'वारली शैलीतील लग्नपत्रिका' एवढे टाइप केले, की काही सेकंदांत चित्र तयार होते. लाल-तपकिरी पार्श्वभूमी, पांढऱ्या त्रिकोणी आकृत्या, मध्ये तारपा वाजवणारा. फुकट आणि दिसायला छान. मात्र, ज्या डहाणू-तलासरी पट्ट्यात ही कला घडली, तिथल्या कलाकारांच्या हाती यातून काहीच लागत नाही. एआय एखाद्या समाजाची ओळख शोधू शकते, की फक्त तिची नक्कल करते?

एआय चित्र 'काढते' म्हणजे काय करते?

ही मॉडेल कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांवर शिकतात. कोणत्या शब्दाबरोबर कोणते आकार, रंग वारंवार येतात, याचा अंदाज मॉडेल बांधते. मग निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळातून टप्प्याटप्प्याने चित्र साफ करत आणते. २०२२ मध्ये खुला झालेला 'लायन-५बी' हा असाच एक मोठा साठा. त्यात ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या असून, त्यातील सुमारे २३२ कोटींचा मजकूर इंग्रजी आहे. 'स्टेबल डिफ्युजन'च्या सुरुवातीच्या आवृत्त्या प्रामुख्याने या इंग्रजी भागावरच शिकल्या. म्हणजेच, ज्या समाजाची कला इंटरनेटवर कमी आणि तीही दुसऱ्याच्या शब्दांत आहे, त्याचे चित्र मॉडेलकडे आधीच धूसर असते.

वारलीत यामुळे काय निसटते?

वारली चित्र ही मुळात भिंतीची सजावट नाही. लग्नघरात शेणामातीने, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. त्यात पालघट देवी असते. हा चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. ही चित्रे कागदावर आणून जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावर आली तरी चौकामागचा विधी आणि जंगल-शेतीशी असलेले नाते कलाकाराला ठाऊक होते. मॉडेलला ते ठाऊक नसते. इंटरनेटवर वारली दिसते ती बहुतांश कप, कुर्ते आणि हॉटेलच्या भिंतींवर. त्यामुळे शिकलेली 'वारली'ही तशीच असणार. देवीचा चौक उद्या नॅपकिनवर छापला गेला, तर त्यात काही चुकले असे मॉडेलला वाटणार नाही.

मग एआयचा चांगला वापर होतच नाही का?

होतो. नायजेरियात जन्मलेल्या मिने अताइरू यांचा 'इगुन' हा प्रकल्प त्याचे उदाहरण. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने बेनिनच्या राजवाड्यातून हजारो कलाकृती लुटल्या आणि राजाला हद्दपार केले. त्यानंतर १९१४ पर्यंत दरबारी कलेत मोठी पोकळी राहिली. अताइरू यांनी लुटलेल्या शिल्पांच्या छायाचित्रांवर मॉडेलला शिकवले आणि त्या १७ वर्षांत काय घडले असते, याची कल्पना मांडली. इथे शिकवण्याची सामग्री कलाकाराने स्वतः निवडली आणि प्रश्नही तिचाच आहे. २०२३ मध्ये रेफिक अनादोल यांनी ब्राझीलमधील यावानावा समाजाच्या तरुण कलाकारांसोबत काम केले. त्यात समाज सहनिर्माता होता आणि विक्रीचा पैसा समाजाकडे गेला. दोन्हीकडे तंत्रज्ञान साधारण तेच, पण सामग्री कुणी निवडली आणि परवानगी कुणाची, यामुळे फरक पडला.

कायदा मदतीला येतो का?

फारसा नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा विशिष्ट कलाकृतीला संरक्षण देतो, शैलीला नाही. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या चौकाचा एकच कर्ता दाखवता येत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मात्र, ते मुख्यतः विक्रीच्या मालावर 'वारली' हे नाव कोणी लावावे, यासाठी आहे. मोबाइलमध्ये तयार झालेल्या, नाव न लावता वापरलेल्या चित्रापर्यंत ते पोहोचणे कठीण.

पुढे काय व्हायला हवे?

एआयवर बंदी हा उपाय नाही. वारली तरुणांच्या हातातही स्मार्टफोन आहे आणि त्यांनाही हे साधन वापरून पाहण्याचा हक्क आहे. गरज आहे ती तीन गोष्टींची. समाजाच्या संमतीने तयार केलेला आणि त्याच्याच ताब्यातील चित्रसंग्रह. कोणती चित्रे विधीपुरतीच ठेवायची, हे ठरवण्याचा समाजाचा अधिकार. आणि व्यावसायिक वापरातून मोबदला. सरकारी खात्यांनी भिंती रंगवताना, पोस्टर करताना एआयऐवजी कलाकाराला काम दिले, तरी सुरुवात होईल.

वाचकाच्या हातातही एक गोष्ट आहे. पुढची पत्रिका छापताना पालघर जिल्ह्यातील एखाद्या कलाकाराला विचारून पाहावे. थोडे पैसे जास्त लागतील, पण पत्रिकेवरच्या चौकाचा अर्थ सांगणारे माणूस भेटेल.